आत्याचे पाचशे पौंड
(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय नावापुरता साधा आहे. इंग्रजी विषय घेऊन बी.ए., एम.ए. करणाऱ्या मुलामुलींना कधी ना कधी एक पेपर लिहावाच लागतो: साहित्यातल्या स्त्री-पुरुष भूमिका आणि समता. कुठे त्याला प्रोजेक्ट म्हणतात, कुठे सेमिनार पेपर, कुठे ते अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण असतात. हा पेपर लिहायचा म्हणजे नेमका कशाचा शोध घ्यायचा, कसा घ्यायचा, आणि एका प्रसिद्ध इंग्रजी पुस्तकाने त्याबद्दल आपल्याला काय शिकवलंय, हे आज बघायचं आहे. आणि त्या पुस्तकाचं काय राहून गेलंय, तेही बघायचं आहे.

आधी आपल्या नेहमीच्या पेपराकडे बघू. सुरुवात ठरलेली असते: समाज पुरुषप्रधान आहे. मग सिमोन द बोव्हारचं एक वाक्य येतं, बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी पुस्तकातून उचललेलं. मग इब्सेनची नोरा घराचं दार लावून निघून जाते. शेवटी निष्कर्ष येतो की स्त्रियांना समान हक्क मिळायला हवेत. यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. पण एकही वाक्य शोधून काढलेलंही नाही. पेपर लिहायला बसण्याआधी जे माहीत होतं तेच लिहून झाल्यावर माहीत असतं. निष्कर्ष आधी आणि शोध नंतर, असा हा उलटा प्रवास आहे. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण असाच पेपर लिहिला की गुण पडतात हे त्यांना आपणच शिकवलंय.

आता पुस्तकाकडे येऊ. व्हर्जिनिया वूल्फचं 'अ रूम ऑफ वन्स ओन' १९२९ साली प्रसिद्ध झालं. त्याआधी, ऑक्टोबर १९२८ मध्ये, केंब्रिजच्या न्यूनॅम आणि गर्टन या मुलींच्या कॉलेजांत तिने दोन व्याख्यानं दिली होती. त्यांतून हे पुस्तक झालं. स्त्री लिहायला बसली तर तिच्याकडे स्वतःची खोली आणि वर्षाला पाचशे पौंड हवेत, हे त्याचं सार सगळ्यांना तोंडपाठ असतं. परीक्षेत तेवढ्यावर भागतं. पण पुस्तकाचं दुसरं प्रकरण फारसं कुणी लक्ष देऊन वाचत नाही, आणि आपल्या कामाचं प्रकरण तर तेच आहे. कारण त्या प्रकरणात निवेदिका करते काय? ती ग्रंथालयात जाते आणि व्याख्यानासाठी संदर्भ शोधते. म्हणजे आज आपली विद्यार्थिनी जे करते तेच!

ती ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसते, सूची उघडते आणि थक्क होते. स्त्री या विषयावर पुरुषांनी लिहिलेली पुस्तकं ढिगांनी. त्यात डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, आणि आपण बाई नाही एवढीच ज्यांची पात्रता, असेही लोक आहेत. उलट बाजूला बघावं तर बायकांनी पुरुषांविषयी पुस्तकं लिहिलेली नाहीत. शेजारी एक विद्यार्थी मन लावून टिपणं काढतोय, मथळे पाडून, नीटनेटकी. हिच्या वहीत मात्र एकमेकांशी भांडणाऱ्या नोंदींचा गोंधळ. एक थोर माणूस म्हणतो बायकांना शिक्षण देण्यात अर्थ आहे, दुसरा म्हणतो नाही. आणि मग तिच्या लक्षात येतं की टिपणं काढता काढता आपण एका प्राध्यापकाचं चित्र रेखाटलंय. हा प्राध्यापक स्त्री ही बुद्धीने, नीतीने आणि शरीराने हलकी कशी, यावर जाडजूड ग्रंथ लिहितोय, आणि चेहऱ्यावर राग आहे.

इथे वूल्फ जे करते ते संशोधनपद्धतीच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळायचं नाही. ती पुस्तकातला मजकूर बाजूला ठेवते आणि विचारते, हा माणूस रागावलाय का? सत्ता त्याच्या हातात, पैसा त्याच्या हातात, वर्तमानपत्र त्याचं, न्यायाधीश तोच. मग राग कशाचा? म्हणजे संदर्भग्रंथ हा नुसता माहितीचा साठा नसतो, तोही एक पुरावा असतो. तो कुणी लिहिला, कुणासाठी लिहिला, लिहिताना त्याला काय राखायचं होतं, हे विचारल्याशिवाय त्यातलं वाक्य उचलायचं नाही. हा पहिला धडा.

दुसरा धडा तिसऱ्या प्रकरणात आहे. तिथे ती ट्रेव्हेल्यनचा इंग्लंडचा इतिहास उघडते. बायकोला मारणं हा पुरुषाचा मान्य हक्क होता, मुलीचं लग्न आईबाप ठरवत, अशा नोंदी तिला त्यात सापडतात. त्याच काळातलं नाटक बघावं तर क्लिओपात्रा आहे, लेडी मॅकबेथ आहे, रोझलिंड आहे. काव्यात राज्यं हलवणारी बाई इतिहासात जवळजवळ नाहीच. वूल्फ हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवते, आणि मधली जी फट दिसते तिच्यात तिचा सगळा युक्तिवाद उभा राहतो. शेक्सपियरला त्याच्याइतकीच बुद्धीची बहीण असती तर तिचं काय झालं असतं, ही तिची प्रसिद्ध कल्पना त्या फटीतूनच आलेली आहे. म्हणून आमचं म्हणणं असं की भूमिकांवर पेपर लिहिताना नुसती कादंबरी पुरत नाही आणि नुसता अहवालही पुरत नाही. दोन्ही शेजारी ठेवा. एकाच काळाचे, एकाच गावचे असले तर उत्तम.

आता वूल्फचीच कसोटी वूल्फला लावू. हे पाचशे पौंड आले कुठून? पुस्तकात उत्तर आहे. निवेदिकेची मेरी बीटन नावाची एक नातलग हवा खायला घोड्यावरून फिरत असताना पडून वारली, आणि नाव एक म्हणून हिला दरसालचे पाचशे पौंड ठेवून गेली. नाव एक, तेव्हा आपण तिला आत्याच म्हणू. ही आत्या पडली कुठे? मुंबईत! बॉम्बे असं स्पष्ट लिहिलंय. महाराष्ट्रात बसून हे पुस्तक वाचणाऱ्याला त्या एका शब्दापाशी थांबायलाच हवं. हे मृत्युपत्र हातात पडलं त्याच सुमारास, म्हणजे १९१८ साली, इंग्लंडमध्ये तीस वर्षांवरच्या काही बायकांना मत मिळालं. निवेदिका सांगते की मत आणि पैसा या दोहोंत पैसा मला कितीतरी मोलाचा वाटला. त्याआधी ती पाकिटांवर पत्ते लिहायची, म्हाताऱ्या बायकांना वाचून दाखवायची, कृत्रिम फुलं करायची, लहान मुलांना मुळाक्षरं शिकवायची. पैसा आला आणि मनातली भीती आणि कडवटपणा दोन्ही हळूहळू गेले.

पण मुंबईत घोड्यावरून हवा खाणाऱ्या इंग्रज बाईकडे संपत्ती कशी साठली, हे पुस्तक विचारत नाही. मुलींच्या कॉलेजात रात्रीच्या जेवणाला पाणचट सूप, बीफ आणि मनुकांसारखी सुकी फळं का, आणि पुरुषांच्या कॉलेजात दुपारी मासे, तित्तिर आणि उंची वाइन का, हे ती अगदी मुळापर्यंत जाऊन विचारते. आपल्या आयांकडे पैसा नव्हता, कारण बाईच्या कमाईवर कायद्याने नवऱ्याचा हक्क होता, इथपर्यंत ती पोचते. मात्र स्वतःच्या पाचशे पौंडांपाशी येऊन हा शोध थांबतो. यामुळे पुस्तक खोटं ठरत नाही. पण पैसा आणि लेखन यांचा संबंध दाखवणाऱ्या पुस्तकाला हा प्रश्न विचारणं हे त्याच पुस्तकाने शिकवलेलं काम आहे. आणि इंग्रजीच्या पेपरात असा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांनी विचारला नाही तर कुणी विचारायचा?

आता सूचीकडे परत या. पुरुषांविषयी बायकांनी लिहिलेली पुस्तकं नाहीत असं वूल्फच्या निवेदिकेला दिसलं. मंडळी, तसं पुस्तक होतं. १८८२ साली मराठीत छापलेलं होतं. ताराबाई शिंदे, गाव बुलढाणा, पुस्तकाचं नाव 'स्त्रीपुरुषतुलना'. वूल्फच्या व्याख्यानांच्या सेहेचाळीस वर्षं आधी. निमित्त होतं सुरतेच्या विजयालक्ष्मी खटल्याचं. १८८१ साली या ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल आधी फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी करण्यात आली. या निमित्ताने वर्तमानपत्रांतून बाईजातीच्या नीतीवर जे तोंडसुख घेतलं गेलं त्याला ताराबाईंनी उत्तर दिलं. त्यांचे वडील सत्यशोधक समाजातले होते. पुस्तकावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात, १८८५ साली, त्यांची बाजू घेतली. नंतर पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं, म्हणजे मधे त्र्याण्णव वर्षं गेली. १९९४ साली रोझालिंड ओ'हॅनलन यांनी इंग्रजी भाषांतर केलं, त्यामुळे आता इंग्रजीच्या पेपरातही हा ग्रंथ हक्काने घेता येतो.

ताराबाईंची पद्धत नावातच आहे: तुलना. बायकांवर ठेवले जाणारे दोष त्या एकेक करून उचलतात आणि पुरुषांच्या पारड्यात टाकून बघतात. बाई कपटी असेल तर पुरुष काय कमी कपटी? बाई अविचारी, तर पुरुषाचा विचार कुठे दिसतो? त्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांत बाई कशी रंगवलीय यावरही त्या तुटून पडतात. म्हणजे हीही साहित्यसमीक्षाच आहे, आणि तीही पुस्तकातली बाई आणि घरातली बाई शेजारी ठेवूनच केलेली. वूल्फने ट्रेव्हेल्यन आणि शेक्सपियर शेजारी ठेवले, ताराबाईंनी वर्तमानपत्र आणि नाटक.

फरक आहे तो रागाचा. लिहिणाऱ्या बाईच्या मनात राग राहिला की लेखनाला बाध येतो असं वूल्फला वाटतं. शार्लट ब्राँटीच्या कादंबरीत तिला तो बाध दिसतो. ताराबाईंचं पुस्तक मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत रागाने लिहिलेलं आहे, आणि लपवलेलं काही नाही. मग वूल्फच्या मापाने ते कमी ठरवायचं का? आम्हाला तसं वाटत नाही. राग दोन प्रकारचा असतो. एक हिशेब विसरायला लावतो, दुसरा हिशेब मांडायला बसवतो. वूल्फच्या चित्रातल्या प्राध्यापकाचा राग पहिल्या जातीचा, ताराबाईंचा दुसऱ्या. त्यांच्या रागात प्रत्येक आरोपाला जमाखर्च आहे. पेपरात राग नको, भाषा तटस्थ हवी, असं आपण मुलींना सांगतो. त्यापेक्षा असं सांगावं की राग असू दे, पण प्रत्येक वाक्यामागे हिशेब दाखव.

हिशेबावरून आकड्यांकडे येऊ. समतेच्या पेपरात आकडे असतातच, आणि तिथेच सगळ्यात जास्त गफलत होते. भारत सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. सुमारे १ लाख ३९ हजार घरं, सहा वर्षांवरची सुमारे साडेचार लाख माणसं. पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंत कोण काय करतं याची नोंद घेतली. घरातल्यांसाठी केलेलं बिनपगारी घरकाम, म्हणजे स्वयंपाक, धुणी, भांडी, झाडलोट वगैरे: बायका दिवसाला २९९ मिनिटं, पुरुष ९७ मिनिटं. हा आकडा सगळीकडे छापून येतो आणि पेपरात उतरतो. बायका पुरुषांच्या तिप्पट काम करतात, असा निष्कर्ष निघतो.

आता जरा थांबा. ही सरासरी कुणाची? ज्यांनी त्या दिवशी हे काम केलं त्यांची. त्याच पाहणीत हेही आहे की असं काम करणाऱ्या बायका शेकडा ८१.२ होत्या आणि पुरुष शेकडा २६.१. म्हणजे शंभरातल्या जवळजवळ चौऱ्याहत्तर पुरुषांनी त्या दिवशी घरात काडी इकडची तिकडे केली नाही. ते या ९७ मिनिटांत मोजलेलेच नाहीत. सगळ्या पुरुषांवर सरासरी काढली तर आकडा येतो सुमारे २५ मिनिटं, आणि सगळ्या बायकांवर काढली तर सुमारे २४३. तिप्पट होतं ते जवळजवळ दहापट झालं. आकडे तेच, तक्ता तोच, फक्त भागाकार कशाने केला ते बघितलं.

पुढची पाहणी २०२४ सालची. काम करणाऱ्यांची सरासरी बायकांची २८९ मिनिटं, पुरुषांची ८८. बायकांचं घरकाम दहा मिनिटांनी घटलं, अशी आनंदाची बातमी यातून देता येते. पण पुरुषांचंही नऊ मिनिटांनी घटलंय. २०१९ साली दोघांतलं अंतर २०२ मिनिटं होतं, २०२४ साली २०१. पाच वर्षांत एक मिनिट! ज्या विद्यार्थिनीने ही वजाबाकी स्वतः केली तिच्या पेपरात एक तरी वाक्य तिचं स्वतःचं असेल.

आणि याच आकड्यांतून वूल्फकडे परत जाता येतं. खोली हवी हे खरंच. पण खोली मिळाली तरी त्या खोलीत बसायला २४३ मिनिटांतली किती मोकळी होणार? आपल्या घरांत बाईला आधी कमी पडतो तो वेळ, जागा नंतर. इथे बहुतेक पेपरांत बेबी कांबळे यांचं उदाहरण येतं, आणि यायलाच हवं. त्यांचं 'जिणं आमचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आलं, त्याआधी ते 'स्त्री' मासिकात छापून येत होतं. माया पंडित यांनी २००८ साली ते इंग्रजीत नेलं आणि अनेक ठिकाणी ते इंग्रजीच्या अभ्यासक्रमात आलं. बेबीताई किराणा दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला आलेल्या रद्दीतले कागद वाचायच्या, गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहायच्या. नवऱ्याला आणि मुलाला दिसू नयेत म्हणून लिहिलेली पानं त्यांनी कितीतरी वर्षं लपवून ठेवली.

यावर पेपरात ठरलेलं वाक्य असतं: खोली आणि पाचशे पौंड नसतानाही बेबी कांबळे यांनी लिहिलं, म्हणजे वूल्फ चुकीची ठरते. ऐकायला हे फार छान वाटतं. पण तर्क तपासा. वूल्फ असं म्हणतच नाही की खोलीवाचून एकही बाई लिहू शकत नाही. तिचं म्हणणं एवढंच की खोलीवाचून बहुतेक जणी लिहू शकत नाहीत, आणि ज्या लिहितात त्यांना त्याची किंमत मोजावी लागते. बेबीताईंच्या लपवलेल्या पानांची जी वर्षं गेली ती हीच किंमत. त्या वर्षांत आणखी काय लिहून झालं असतं? त्यांच्यासारख्या किती जणींची पानं लपवलेल्या जागीच राहिली? एका बाईच्या जिद्दीकडे बोट दाखवून बाकीच्यांना साधनं लागत नाहीत असं म्हणणं हा त्या जिद्दीचा गौरव नव्हे. तो साधनं न देण्याचा बहाणा आहे. बेबीताई वूल्फला खोडत नाहीत, वूल्फला जे दिसलं नाही ते दाखवतात. घराची भिंत ही एकच भिंत नसते. गावकुसाची भिंत असते, जातीची असते, आणि दलित बाईवर बाहेरच्या जाचाबरोबर घरातला जाचही असतो. 'जिणं आमचं' या दोन्ही जाचांबद्दल बोलतं, आणि घरातल्या जाचाबद्दल बोलायला जास्त धैर्य लागतं.

आता त्या शब्दाकडे येऊ ज्याने विषयाचं अर्धं शीर्षक व्यापलंय. इंग्रजीत दोन शब्द आहेत, इक्वॉलिटी आणि इक्विटी. पहिल्याला आपण समानता म्हणतो. दुसऱ्याला आपल्याकडे एक ठरलेला शब्द नाही. कुणी समन्याय म्हणतं, कुणी समता म्हणतं. निबंधात दोन्ही एकाच अर्थाने वापरले की पेपर तिथेच घसरतो. त्यापेक्षा एक खरी घटना घ्या.

मुंबई विद्यापीठाने १८८३ साली आपल्या पदव्या मुलींना खुल्या केल्या. नाशिकला जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली आणि १८८८ च्या सुमारास मुंबई विद्यापीठाची पदवीधर झाली. तिकडे केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी दिली १९४८ साली. म्हणजे १९२८ साली न्यूनॅम आणि गर्टनमध्ये वूल्फचं व्याख्यान ऐकणाऱ्या मुलींना जी गोष्ट मिळणार नव्हती, ती पुण्यात शिकलेल्या एका मुलीला चाळीस वर्षं आधी मिळाली होती. कागदावर बघाल तर आपण पुढे! पण पुढचं पान उलटा. तिच्या सांगण्याप्रमाणे, तिच्या गुणांवर विलायतेला शिकायला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती, ती बाई म्हणून नाकारली गेली. मग इंग्लंडमधल्या हितचिंतकांच्या मदतीने ती ऑक्सफर्डला गेली, १८९२ साली कायद्याची परीक्षा दिली, आणि पदवी हातात पडली १९२२ साली. तीस वर्षांनी. परीक्षा तीच, पेपर तोच, ही समानता. परीक्षेनंतरची वाट तिच्यासाठी बंद, म्हणजे इक्विटी नाही. एवढं एक उदाहरण घेतलंत तरी व्याख्येची दोन पानं वाचतात.

गंमत अशी की इक्विटी हा शब्द आपल्याकडे बहुतेकांना शेअर बाजारामुळे माहीत आहे. तिथे त्याचा अर्थ मालकीतला हिस्सा. भाषेच्या शिक्षकाला हा अर्थ नकोसा वाटेल, पण आम्हाला तो उपयोगी वाटतो. कारण आपल्याकडे समतेचा प्रश्न शेवटी वाट्यापाशीच येऊन अडतो. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, केंद्राने २००५ साली कायदा बदलून देशभर दिला. कायद्यात समानता आली. आणि कचेरीत काय होतं? बहिणीला बोलावतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. लग्नात खर्च केलाय, माहेर तुटायला नको, भाऊबीज चालू राहायला हवी. बहीण सही करते. पुष्कळदा हसत करते. ही सही कुणी जबरदस्तीने घेतली असं म्हणता येत नाही, आणि ती मोकळ्या मनाने दिली असंही म्हणवत नाही. स्त्री-पुरुष भूमिका म्हणजे काय, हे समजायला याहून नेमका कागद सापडणार नाही.

आता वूल्फच्या आत्याकडे बघा. ती आत्या भाचीला पैसा ठेवून गेली म्हणून भाचीच्या मनातली भीती गेली आणि पुस्तक झालं. आपल्या घरातली आत्या म्हणजे जिने भावाच्या नावे हक्क सोडला ती. तिच्याकडे भाचीला ठेवून जायला काय आहे? वूल्फने आपल्या आयांना विचारलं की तुम्ही आमच्यासाठी पैसा का नाही ठेवलात, आणि उत्तर कायद्यात सापडलं. तोच प्रश्न आपण आपल्या आत्यांना विचारला तर उत्तर कायद्यात सापडणार नाही, कारण आता कायदा त्यांच्या बाजूने आहे. ते उत्तर सहीत आहे, आणि सहीमागच्या सगळ्या गोडव्यात आहे. पेपर लिहिणाऱ्याने शोधायचं ते हे.

म्हणून शेवटी कामाचं सांगतो. प्रश्न लहान घ्या. समाजात बाईचं स्थान, हा प्रश्न नव्हे. अमुक कादंबरीत पैसा कुणाच्या हातात आहे, कोण कधी जेवतं, कोण कुठे झोपतं, दार कोण उघडतं, हे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरं पानांवर बोट ठेवून दाखवता येतात. मग त्याच काळाचा एक कागद शोधा: कायदा, पाहणी, वर्तमानपत्र, मृत्युपत्र, हक्कसोडपत्र. दोन्ही शेजारी ठेवा. संदर्भ घ्याल तो कुणी आणि कशासाठी लिहिलाय ते विचारा. आकडा घ्याल तो कशाने भागलाय ते बघा. घरातल्या किंवा शेजारच्या बाईशी बोलणार असाल तर आधी तिची परवानगी घ्या, पेपरात तिचं नाव घालू नका, आणि लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवा. इंग्रजी येत नसेल तर मराठीत सांगा. ती म्हणाली की हे असं नव्हतं, तर तेही लिहा. आणि आपला आधीचा अंदाज जिथे चुकला ती जागा पेपरात झाकू नका. परीक्षकाने तपासावी अशी तीच जागा असते.

एक शंका नेहमी येते: एवढं करायला वेळ कुणाला आहे? शंका अगदी रास्त आहे. इंग्रजीच्या वर्गात मुली पुष्कळ असतात, आणि त्यातल्या कितीतरी घरचं आवरून, रात्री भांडी झाल्यावर पेपर लिहायला बसतात. ज्या २४३ मिनिटांवर त्यांना लिहायचंय ती त्यांनी त्याच दिवशी खर्च केलेली असतात. आणि त्याच वर्गातल्या मुलाने कदाचित तोच विषय निवांत बसून लिहिलेला असतो. दोघांना मुदत एक, गुण एक. ही समानता झाली. इक्विटीचा विचार शिक्षकांनी इथूनच सुरू करायला हवा: वर्गातच शोधायला तास द्या, ग्रंथालय संध्याकाळी उघडं ठेवा, शंभर पेपरांऐवजी दोन मसुदे तपासा. आणि मुलांनो, तुमच्या पेपराचं पहिलं प्रकरण पुस्तकात नाही, घरातल्या मोरीत आहे. ते आधी स्वतः करून बघा, मग लिहा.

इथे थांबतो.